दोन थाऊंची जागा

यंदाच्या अंकाचा विषय ‘माप’ असल्याचे संपादकांनी कळवले, तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला आधी धानच आठवले. इथे माप म्हटले की खंडी, पायली, पोते. मला मात्र याच जिल्ह्यातले सर्वांत बारीक माप कुठे घेतले जाते ते पाहायचे होते. सोनाराच्या तागडीपेक्षाही बारीक माप एका पत्र्याच्या शेडमध्ये, ऑइलने काळ्या पडलेल्या हातांनी घेतले जाते. मोटारीचे इंजिन नव्याने बांधताना क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि त्याच्या मेन बेअरिंगांच्या मध्ये किती जागा ठेवायची, याचे ते माप. मिस्त्री ते थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरच्या हिशेबात सुमारे पाव दशांश. दोन थाऊ म्हणजे ०.०५ मिलिमीटर. इंजिन दहा वर्षे चालणार की दहा दिवसांत पुन्हा उघडावे लागणार, हे एवढ्याशा जागेवर ठरते.

करडी हे मोहाडी तालुक्यातले वैनगंगेच्या पूर्वेकडचे गाव. आजूबाजूला धानाच्या बांधी आणि तलाव, दक्षिणेला कोका अभयारण्याचे रान. इथे जुनी गाडी मोडीत काढण्याआधी माणूस दहा वेळा विचार करतो. खासगी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे संपली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यायचे आणि गाडी चालवत राहायचे. धानाची पोती, लग्नाची मंडळी, दवाखान्यात न्यायचा रोगी, सगळे त्याच गाडीतून जातात. म्हणून इंजिन बांधणारा मिस्त्री इथे गरजेचा माणूस आहे. त्याचे काम पाहायला मी भाद्रपदात, पोळा झाल्यावर गेलो. रोवणी आटोपलेली असते, कापणीला अवकाश असतो, आणि गाड्यांची मोठी कामे याच दिवसांत निघतात.

शेडमध्ये महिंद्राची जुनी एमएम ५४० उभी होती, बॉनेट काढलेली. तिचे इंजिन खाली उतरवून लाकडी ठोकळ्यांवर उलटे ठेवले होते. हे २११२ सीसीचे डिझेल इंजिन मूळचे फ्रान्सच्या पेझो कंपनीचे. महिंद्राने ते परवान्यावर भारतात बनवले. सिलिंडर चार आणि मेन बेअरिंग पाच.

ठोका कुठून येतो

गाडीच्या मालकाची तक्रार साधी होती. गाडी थंड असताना ठीक, गरम झाली की ऑइलचा दिवा लागतो. चढावर लोड आला की खालून जड ठोका ऐकू येतो.

अनुभवी कानाला ठोक्यांत फरक कळतो. कॉनरॉडच्या बेअरिंगचा ठोका टणक आणि जरा वरच्या सुराचा असतो. मेन बेअरिंगचा ठोका खोल असतो, जमिनीतून आल्यासारखा, आणि इंजिनावर जोर पडला की वाढतो. कानावरच विसंबून मात्र कुणी इंजिन उघडत नाही. मिस्त्रीने आधी दिव्याच्या स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर पाहिला. मग चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, उतरवला. तळाच्या ऑइलमध्ये बारीक चमक होती, बोटावर घेऊन उन्हात धरली की तांबूस दिसणारी.

त्या तांबूस रंगातून पुष्कळ कळते. बेअरिंगचा शेल म्हणजे अर्ध्या नळीच्या आकाराचा पातळ पत्रा, दोन शेल मिळून एक बेअरिंग. त्याची पाठ पोलादाची. तिच्यावर तांबे आणि शिसे यांच्या मिश्रणाचा थर. त्याच्याही वर, बऱ्याच शेलांत, शिसे-कथिलाचा अगदी पातळ मुलामा, साधारण ०.०२ मिलिमीटरचा. हा वरचा थर मुद्दाम मऊ ठेवतात. ऑइलमधून एखादा कण आला तर त्याने क्रँकला ओरखडा न काढता या थरात रुतून बसावे, यासाठी. तो थर संपून खालचे तांबे उघडे पडले की ऑइलमध्ये तांबूस चमक येते. ती दिसल्यावर नुसते ऑइल बदलून गाडी परत देणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचे नुकसान करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईक त्या क्षणी खूश होते, आणि महिन्याभरात क्रँकच निकामी होतो.

तेल वजन कसे उचलते

दोन धातूंच्या मध्ये जागा ठेवायचीच कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर रेल्वेच्या चाकांमुळे सापडले.

१८८० च्या दशकात लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेने बोशँप टॉवर या अभियंत्याकडे रेल्वेच्या आसांवरील बेअरिंगांच्या घर्षणाचे प्रयोग सोपवले. फिरणाऱ्या आसावर वरून पितळी बेअरिंग टेकवलेले आणि आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला, अशी त्याची मांडणी होती. टॉवरने तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडले. आस फिरू लागला आणि त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्याने बुचाने भोक बंद केले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून निघाली. मग त्याने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवर दर चौरस इंचाला सरासरी १०० पौंडांचा भार असताना काटा २०० च्या पुढे गेला. तेल नुसते धातूला ओले करत नव्हते, त्याने वरचे सगळे वजन उचलून धरले होते.

याचे गणित १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑसबर्न रेनॉल्ड्सने मांडले. फिरणारा दांडा बेअरिंगच्या बरोबर मध्यभागी राहत नाही, किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे एका बाजूची जागा रुंद आणि पुढे निमुळती होत जाते. फिरता दांडा तेलाला त्या निमुळत्या जागेत ओढून नेतो, तेलाला तिथून पटकन निसटता येत नाही, आणि त्याचा दाब वाढतो. रोवणीआधी बांधीत फळी ओढताना तिची पुढची कड जरा उचललेली ठेवली तर ती पाण्या-चिखलावर तरंगत जाते आणि कड दाबली तर चिखलात रुतते, तसेच हे.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि सगळी मिस्त्रीगिरी त्या दोन्हींच्या मध्ये आहे. जागा फार कमी असेल तर पुरेसे तेल आत शिरत नाही. जे शिरते ते तापते, पातळ होते, धातू धातूला भिडतो आणि इंजिन जाम होते. जागा फार जास्त असेल तर पंपाने पाठवलेले तेल बेअरिंगच्या दोन्ही कडांनी वाहून जाते. ही गळती जागेच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जागा दुप्पट झाली की गळती आठपट होते. थंडपणी तेल घट्ट असते म्हणून प्रेशर टिकतो, गरम झाले की दिवा लागतो. मालकाच्या तक्रारीचा उलगडा एवढ्यात होतो.

प्रेशर कमी झाला की जाड तेल घालायचे, हा गावोगावचा उपाय. दिवा विझतो हे खरे. पण झिजलेल्या बेअरिंगची झीज त्याने थांबत नाही, आणि सकाळी गाडी सुरू करताना ते जाड तेल वरच्या भागांपर्यंत पोचायला उशीर लावते. ज्याला इंजिन उघडायला आज पैसे नाहीत त्याने महिनाभर काढण्यापुरता हा उपाय करावा. दुरुस्ती म्हणून कुणी त्याचे पैसे घेऊ नयेत.

“जरा घट्टच बसव न गा”

मालक सत्तरीकडे झुकलेले, धोतर-बंडी घातलेले शेतकरी. इंजिनाशेजारी बसून सगळे पाहत होते. त्यांनी मिस्त्रीला सुचवले, “जरा घट्टच बसव न गा. मंग लवकर ढिलं नाई होनार.”

मिस्त्री पस्तिशीचा. हातातला शेल चिंधीने पुसत म्हणाला, “घट्ट बसवलं त तेल जाईन कोठून, काकाजी?”

काकाजींना ते पटले असे वाटले नाही. त्यांचा अनुभव बैलगाडीच्या आसाचा आणि पंपाच्या पट्ट्याचा. तिथे ढिले पडणे म्हणजे बिघाड. मिस्त्रीने वाद घातला नाही. जुन्या बेअरिंगचा एक शेल त्यांच्या हातात ठेवला आणि पाठीवरचा ठसा दाखवला. शेलाच्या पाठीवर त्याचा आकार कोरलेला असतो. कधीच न घासलेल्या क्रँकसाठी स्टँडर्ड, आणि पुढे घासलेल्या मापाप्रमाणे ०.२५, ०.५०. इथे ०.२५ होते. म्हणजे हे इंजिन आधी एकदा बांधले गेले होते आणि क्रँक पाव मिलिमीटरने घासलेला होता. मधल्या शेलाच्या पाठीवर, जिथे पोलाद ब्लॉकला चिकटून बसायला हवे, तिथे चकाकते पट्टे होते. शेल आपल्या घरात हलत होता.

हलण्याचे कारण कॅपमध्ये सापडले. मेन बेअरिंगचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये असतो आणि खालचा अर्धा सुट्या कॅपमध्ये. दोन बोल्ट कॅपला ब्लॉकशी आवळतात. मधल्या कॅपमध्ये, शेलाखाली, कागदाची पट्टी होती. ऑइलने तपकिरी होऊन चिकटलेली.

कागदाची पट्टी

ही पट्टी कुणी ठेवली ते सांगता येत नाही. असे करणारे पुष्कळ आहेत, आणि का करतात तेही कळते. क्रँक झिजला आहे, ग्राईंडिंगला भंडारा किंवा नागपूरला पाठवायचे तर दिवस जातात आणि पैसे लागतात, गिऱ्हाईक उद्या लग्नाचे भाडे आहे म्हणून अडून बसलेले. मग शेलाच्या मागे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा पातळ पत्रा घालायचा, जागा कमी होते, ठोका थांबतो. दुसरी पद्धत कॅपच्या तोंडावर कानस मारण्याची किंवा कॅप एमरी पेपरवर घासण्याची. त्यानेही कॅप थोडी आत जाते आणि जागा कमी होते.

दोन्ही पद्धती बेअरिंगच्या बसण्याचाच घात करतात. शेल पाठीकडून ब्लॉकला पूर्ण चिकटलेला असला तरच त्याची उष्णता बाहेर निघते. कागद उष्णता अडवतो, दाबला जातो, कुजतो, आणि शेल मोकळा होतो. शेल हलू नये म्हणून कारखाना एक युक्ती करतो. प्रत्येक अर्धा शेल आपल्या घरापेक्षा किंचित मोठा असतो, घरात ठेवला की त्याची टोके तोंडाच्या वर काही शतांश मिलिमीटर डोकावतात. कॅप आवळली की दोन्ही शेल एकमेकांना दाबतात आणि घराच्या भिंतीवर घट्ट बसतात. या दाबाला क्रश म्हणतात. शेलाच्या कडेला असलेली छोटी जीभ फक्त बसवताना जागा दाखवण्यासाठी असते, शेलाला फिरण्यापासून रोखतो तो क्रश.

कॅप घासली की क्रश वाढतो, पण घर गोल राहत नाही. वरून-खालून ते आखूड होते, आडव्या बाजूला मूळचेच राहते. अशा लंबगोल घरात गोल दांडा फिरताना कुठे चिकटतो, कुठे तेल सांडतो. एकदा कानस लागलेल्या कॅपला पुन्हा मूळ आकार द्यायचा तर सगळ्या कॅप बसवून ब्लॉकचे लाईन बोअरिंग करावे लागते, आणि ते मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्येच होते. काही रुपयांची कानस मारून हजारोंचे काम ओढवून घेतले जाते. नुकसान मालकाचे, आणि त्याला ते कधी कळतही नाही. म्हणून याबद्दल बोलावेसे वाटते.

कॅपांची अदलाबदलही चालत नाही. कारखान्यात सगळ्या कॅप बसवून मगच घरे एका रेषेत कापलेली असतात. दोन नंबरची कॅप चारला लावली किंवा उलटी फिरवून बसवली की रेषा मोडते. काढण्याआधी प्रत्येक कॅपवर पंचाने खूण आहे का ते मिस्त्रीने पाहिले, आणि जिथे पुसट होती तिथे पुन्हा मारली. मुळात आज पाच बेअरिंगांचे क्रँक सगळीकडे दिसतात, तशी स्थिती आधी नव्हती. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात चार सिलिंडरना तीनच मेन बेअरिंग होती. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही तीनच. तीन सिलिंडरच्या मारुती ८०० मध्ये चार आली. दोन बेअरिंगांमधले अंतर जितके मोठे तितका क्रँक मधे वाकतो, आणि ती झीज मधल्या बेअरिंगवर येते. अँबॅसडर आणि पद्मिनी हाताळलेले जुने मिस्त्री आधी मधली कॅप उघडतात ती याच कारणाने.

मायक्रोमीटर आणि ऊन

करडीतला हा मिस्त्री आयटीआय शिकलेला आहे. त्याच्या पेटीत बाहेरचे माप घेणारा मायक्रोमीटर आणि आतले माप घेणारा डायलचा बोअर गेज आहे. मायक्रोमीटर त्याने खोक्यातल्या ठरावीक मापाच्या सळईवर आधी तपासून घेतला. शून्य चुकले असेल तर पुढचे सगळे चुकते.

क्रँक अंगणातून आत आणून लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता, आणि आल्याबरोबर मोजला नाही. उन्हातल्या लोखंडाचे माप घ्यायचे नाही, हा त्याचा नियम. हिशेब करून पाहिला तर तो बरोबर आहे. पोलाद प्रत्येक अंशाला लांबीच्या सुमारे ११ ते १२ दशलक्षांश भागाने वाढते. ६० मिलिमीटर जाडीचा जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, आणि सावलीतला मायक्रोमीटर यांत १५ अंशांचा फरक असेल, तर मापात ०.०१ मिलिमीटरचा फरक पडतो. शोधायची जागाच ०.०५ ची असताना तिचा पाचवा भाग उन्हाने खाल्ला. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये हे सहज घडते. म्हणून बारीक मापे तो सकाळी लवकर घेतो, क्रँक आणि हत्यारे रात्रभर एकाच ठिकाणी ठेवून.

प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, पुढच्या आणि मागच्या कडेजवळ, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोन करणाऱ्या दोन दिशांनी मोजला जातो. दोन कडांत फरक असेल तर जर्नल निमुळता झाला, दोन दिशांत असेल तर लंबगोल. इंधनाच्या स्फोटाच्या क्षणी वरून दणका नेहमी क्रँकच्या ठरावीक बाजूंवर पडतो, म्हणून झीजही एकसारखी होत नाही. चार जर्नल जेमतेम चालण्याजोगे होते. मधला ०.०६ ने लंबगोल निघाला आणि नख फिरवले की अडकेल अशा चऱ्या त्यावर होत्या. आकडे कार्डबोर्डच्या तुकड्यावर, पाच जर्नलांच्या पाच ओळींत उतरत गेले. लिहिणारा मुलगा शिकाऊ होता, शेजारच्या गावातला. एक आकडा त्याने चुकून उलटा लिहिला तेव्हा मिस्त्रीने पुन्हा मोजून दाखवले, रागावला नाही.

नंतर शेल बसवून, कॅप टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराने आवळून, बोअर गेजने आतले माप. ते उभ्या दिशेनेच घ्यायचे. दोन शेल जिथे मिळतात तिथे ते कारखान्यातच किंचित पातळ केलेले असतात, त्या दिशेने मोजले तर जागा खोटी मोठी दिसते. आतल्या मापातून जर्नलचे माप वजा केले की उरते ती जागा. साध्या प्रवासी गाड्यांत ती ०.०२ ते ०.०५ च्या आसपास, जाड जर्नलच्या डिझेल इंजिनात जरा जास्त. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो आणि तोच पाळायचा.

जपानी कंपन्यांनी हे काम किती बारीक नेले याचे उदाहरण भारतातल्याच रस्त्यांवर आहे. सुझुकीच्या जी मालिकेतल्या इंजिनांत, म्हणजे मारुती एस्टीममध्येही, क्रँकवर १, २, ३ असे आकडे आणि ब्लॉकवर ए, बी, सी अशी अक्षरे असतात. त्यांच्या जोडीप्रमाणे पाच रंगांतला शेल निवडायचा: हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. दोन शेजारच्या रंगांच्या जाडीत फरक फक्त ०.००३ मिलिमीटर. म्हणजे जागा दुरुस्त करायला दर वेळी क्रँक घासावा लागत नाही, नेमका शेल निवडला तरी काम होते. खेड्यातल्या दुकानात मात्र पाच रंग मिळत नाहीत. जो सेट येतो तो बसवून तपासायचा.

दहा, वीस, तीस

मधला जर्नल घासावाच लागणार होता, आणि घासायचा तर पाचही एका मापाचे, कारण शेलांचा सेट एकाच मापाचा मिळतो. क्रँक आधीच ०.२५ वर होता, आता ०.५०. मिस्त्रीच्या बोलीत दहावरून वीसवर. हे आकडे थाऊचे: दहा, वीस, तीस, चाळीस, म्हणजे साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर. प्रत्येक घासणीला क्रँकचे आयुष्य एक पायरी उतरते.

क्रँक पोत्यात गुंडाळून ग्राईंडिंगला गेला, सोबत शेलांचा नवा सेटही. हे महत्त्वाचे. चांगला ग्राईंडर हातात प्रत्यक्ष शेल असल्याशिवाय शेवटचा हात मारत नाही, कारण सेटासेटाच्या जाडीत थोडा फरक असतो. परत आलेल्या क्रँकवर मिस्त्रीने मापाआधी दोन गोष्टी पाहिल्या. जर्नल जिथे भिंतीला मिळतो तो कोपरा गोलसर ठेवला आहे का? कोपरा धारदार राहिला तर क्रँक तिथूनच तडकून तुटतो. आणि ऑइलच्या भोकांच्या कडा मोडल्या आहेत का? धारदार कड शेलाचा मऊ थर खरवडत राहते. मग क्रँकमधली तेलाची बारीक भोके त्याने तारेच्या ब्रशने आणि डिझेलने पुन्हा पुन्हा धुतली. ग्राईंडिंगची पूड आत राहिली तर पहिल्या मिनिटातच ती नव्या बेअरिंगात जाते. या धुण्यावर त्याचा जितका वेळ गेला तितका कुठल्याच कामावर गेला नसेल, आणि तो योग्यच गेला.

क्रँकच्या कठीण थराचा विचारही इथेच करावा लागतो. काही क्रँक नायट्रायडिंगने कडक केलेले असतात. तो थर पातळ असतो आणि मोठ्या घासणीत निघून जातो, मग उघडा पडलेला मऊ धातू लवकर झिजतो. इंडक्शनने कडक केलेल्यांचा थर खोल असतो, त्यांना घासणी सोसते. कोणत्या क्रँकला कोणता उपचार झाला आहे हे माहीत नसताना तीस-चाळीसपर्यंत घासत जाणे धोक्याचे आहे.

हिरवा धागा

शेवटची तपासणी बोअर गेजनेही होते. पण इथे मिस्त्रीने प्लास्टिगेज वापरला. बारीक, हिरव्या रंगाचा, ठरावीक जाडीचा प्लास्टिकचा धागा. जर्नल आणि शेल अगदी कोरडे पुसायचे, धाग्याचा तुकडा जर्नलवर लांबीच्या दिशेने ठेवायचा, कॅप बसवून पूर्ण टॉर्कवर आवळायची, मग काढायची. चिरडून धागा जितका रुंद झाला तितकी जागा कमी. पाकिटावरच्या पट्ट्यांशी रुंदी ताडून आकडा वाचायचा. हिरवा धागा ०.०२५ ते ०.०७५ च्या आसपासची जागा दाखवतो, लाल आणि निळा त्याहून मोठी. एक पथ्य कडक: कॅप आवळलेली असताना क्रँक तसूभरही फिरता कामा नये. शिकाऊ मुलाने क्रँकचे टोक दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

पाचांपैकी चार जागा ०.०५ ते ०.०६ च्या दरम्यान आल्या. चार नंबरची ०.०२५ निघाली, आणि धागा एका कडेला रुंद, दुसरीकडे अरुंद. इथे शेल एमरीने घासून जागा करणारे असतात, आणि तो मुलामाच घालवून बसतात. मिस्त्रीने शेल काढला, मागची बाजू पुसली, कॅपच्या घरावरून बोट फिरवले. कडेला, जुन्या पंचाच्या खुणेजवळ, धातू किंचित उचललेला होता. तेलदगडाने तो हलकेच साफ केला, सगळे पुन्हा कोरडे केले, नवा धागा ठेवला. आता ०.०५, दोन्ही कडांना सारखा.

“घासाले काईच नोतं,” मुलाला तो म्हणाला. “कोन अडवत होतं, तेच पाहाचं होतं.”

बांधणी

त्यानंतरचे काम वेगाने झाले. वरच्या शेलात तेलाची खाच आणि भोक असते, खालचा सपाट असतो. दोन्ही उलटसुलट झाले तर तेलाची वाट बंद होते आणि इंजिन काही मिनिटांत जाम होते. म्हणून प्रत्येक भोक ब्लॉकमधल्या भोकासमोर आले आहे का, ते टॉर्चने पाहिले. शेलांना भरपूर तेल. मधल्या कॅपपासून बाहेरच्या कॅपांकडे, बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळत. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहिला. एखाद्या कॅपनंतर तो जड झाला तर दोष त्याच कॅपमध्ये शोधायचा, सगळ्या आवळल्यावर नाही. शेवटी थ्रस्ट वॉशर. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो, तेव्हा त्याला मागे-पुढे किती मोकळीक आहे हे डायलने मोजले.

काकाजींनीही क्रँक एकदा स्वतः फिरवून पाहिला. एका हाताने, सहज. त्यांनी घट्ट म्हणून मागितलेले काम असे सैल फिरताना पाहून ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्यांदाही फिरवून पाहिला.

इंजिन गाडीत चढले आणि सुरू करण्याआधी डिझेल बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने फिरवले गेले, म्हणजे नव्या बेअरिंगांना तेल आधी पोचते. गरम झाल्यावर प्रेशर गेजचा काटा पुस्तकातल्या आकड्याच्या वर टिकला. मिस्त्रीने वहीत गाडीचा नंबर आणि मापे उतरवली आणि एका पत्र्याच्या तुकड्यावर पंचाने ‘मेन ०.५०’ असे ठोकून तो इंजिन खोलीत लावला. पुढच्या मिस्त्रीला चेंबर न उघडता कळावे म्हणून.

काकाजींनी विचारले, तुमसरच्या बाजारात धानाची पोती कधी न्यायची?

“पाचशे किलोमीटर झाले का ऑइल बदलवाले या,” मिस्त्री म्हणाला. “हजार होयेपर्यंत लोड नोका टाकू, काकाजी.”

“मंग दिवाळी होईन.”

“होऊ द्या न जी. हलका धान तवाच त येते.”